सामिष आहार : थोड्या खर्चात, थोड्या श्रमात

सामिष आहार घेणाऱ्या पुष्कळशा मराठी कुटुंबांत कोंबडी किंवा मासे शिजणे हा अजूनही एक लहानसा समारंभच असतो. रविवार उजाडला की खोबरे भाजणे, कांदा परतणे, वाटण वाटणे यांत गृहिणीची सारी सकाळ सरते. दुपारी सर्वांची पाने वाढून झाल्यावर तिच्या वाट्याला येतो तो रस्सा, एखादे हाड आणि उरलेला भात. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस हा पदार्थ घरात येत नाही, कारण तो खर्चाचा आणि खटाटोपाचा आहे अशी सर्वांची समजूत असते.

सणासुदीला ही पद्धत शोभून दिसते, यात शंका नाही. पण तीच एकमेव पद्धत होय असे मानल्यामुळे प्रथिनांचा एक उत्तम स्रोत रोजच्या ताटातून वगळला जातो, आणि ही गोष्ट तितकीशी क्षुल्लक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे आढळले. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. या स्थितीची कारणे अनेक आहेत आणि केवळ स्वयंपाकघर बदलून ती दूर होणार नाहीत. तथापि जे घर मुळातच सामिष आहे, त्या घरात आठवड्यातून दोनतीन वेळा स्वस्त मासा किंवा थोडी कोंबडी अर्ध्या-पाऊण तासात शिजू शकते, एवढे जरी पटले तरी बरेच साधेल. ज्यांचा आहार शाकाहारी आहे त्यांना येथे काही सुचवावयाचे नाही. त्यांची डाळ-उसळ त्यांच्याजवळ आहेच.

ताजेपणाची पारख

प्रस्तुत लेखकाचे बालपण सोलापूर जिल्ह्यात गेले. तेथे मासा म्हणजे कधीतरी बाजारात येणारा नदीचा किंवा तलावाचा मासा. पुढे नोकरीच्या निमित्ताने कोकणात बदली झाली, तेव्हा बांगडा, तारली, मांदेली ही नावेदेखील नवीन होती. पहिल्याच महिन्यात एके दिवशी सायंकाळी रस्त्याकडेच्या पाटीतून स्वस्त मिळाले म्हणून बांगडे आणले, भरपूर मसाला लावून तळले आणि पोटभर खाल्ले. अर्ध्या तासात चेहरा लालबुंद झाला, अंगावर पुरळ उठले, डोके ठणकू लागले, छातीत धडधडू लागले. डॉक्टरांनी औषध दिले, रात्रीपर्यंत उतार पडला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी एकच प्रश्न विचारला : कल्ले उघडून पाहिले होते का? पाहिले नव्हते.

या प्रकारामागचे शास्त्र प्रत्येक घराला ठाऊक असावयास हवे. बांगडा, कुपा यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य बरेच असते. मासा बर्फाविना उन्हात किंवा उबेत पडून राहिला, की जंतू त्याचे हिस्टामीनमध्ये रूपांतर करतात. हे हिस्टामीन उष्णतेने नष्ट होत नाही. शिळा मासा कितीही उकळला, तळला, त्यात कितीही आंबट-तिखट घातले तरी अपाय टळत नाही. मसाल्याने वास झाकला जातो, एवढेच. म्हणून माशाच्या स्वयंपाकातील निम्मे कौशल्य चुलीपाशी नसून बाजारात आहे.

ताज्या माशाचे डोळे फुगीर व चकचकीत असतात, खोल गेलेले किंवा धुरकट नसतात. कल्ले उघडून पाहिले असता लाल दिसतात. तपकिरी, चिकट कल्ले म्हणजे शिळा माल. बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर येते, खळगा राहत नाही. वास समुद्राचा असतो, उग्र नसतो. कोळंबीचे डोके सैल झालेले किंवा काळे पडलेले नसावे. कोणतीही चांगली विक्रेती या तपासणीने रागावत नाही; उलट गिऱ्हाईक जाणकार आहे असे समजून ती हात राखून बोलते. घरी आल्यावर मासा ताबडतोब साफ करून शिजवावा, नाहीतर बर्फात किंवा शीतकपाटात ठेवावा.

पंचायत सदस्यांनी येथे थोडे थांबावे. आपल्या गावच्या आठवडे बाजारात मासळी जमिनीवर विकली जाते की ओट्यावर? ओट्याला पाणी, सांडपाण्याचा निचरा आणि वर सावली आहे का? विक्रेतीला बर्फ किती अंतरावरून आणावा लागतो? एक किलो मासळीस सुमारे एक किलो बर्फ हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. बर्फच मिळत नसेल, तर दोष एकट्या विक्रेतीला देता येणार नाही.

स्वस्त मासा, साधे कालवण

पापलेट, सुरमई आणि मोठी कोळंबी यांना जी प्रतिष्ठा लाभली आहे, ती चवीमुळे व काट्यांच्या कमतरतेमुळे. पोषणाच्या दृष्टीने पाहता बांगडा आणि तारली यांना कमी लेखण्याचे कारण नाही. बांगड्याच्या शंभर ग्रॅम खाद्य भागात साधारणपणे कोंबडीच्या मांसाइतकीच, म्हणजे वीस ग्रॅमच्या आसपास, प्रथिने मिळतात. शिवाय हृदयाला हितकारक मानली जाणारी ओमेगा-३ मेदाम्ले त्यात असतात. कुरकुरीत तळलेली मांदेली काट्यासकट खाल्ली जाते, त्यामुळे काट्यांतील कॅल्शियमही पोटात जाते. मोठा मासा खाऊन काटे टाकून देणाऱ्याला हा लाभ नाही.

पापलेटाविषयी आणखी एक गोष्ट. चंदेरी पापलेट हा २०२३ सालापासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. त्याच वर्षी शासनाने ५४ जातींसाठी पकडावयाच्या माशाचे किमान आकारमान ठरवून दिले. चंदेरी पापलेटासाठी ते १३५ मिलिमीटर आहे. तळहातात मावणारी पिल्ले स्वस्त मिळाली म्हणून घेणारे गिऱ्हाईक पुढील वर्षीचे पापलेट आजच खात असते. त्या पैशात बांगडा घ्यावा.

बांगड्याचे तिखले हा मालवणकडील पदार्थ इतका सोपा आहे, की देशावरून बदलून आलेला शिक्षकदेखील पहिल्या प्रयत्नात तो करू शकेल. चार माणसांसाठी चार मध्यम बांगडे पोट साफ करून, धुऊन, प्रत्येकी तीन तुकडे करून मीठ-हळद लावून ठेवावेत. आठदहा बेडगी मिरच्या कोमट पाण्यात भिजवून, सातआठ लसूण पाकळ्या, चमचाभर धणे आणि सुपारीएवढी चिंच यांसह बारीक वाटाव्यात. पसरट भांड्यात हे वाटण, कपभर पाणी व मीठ घालून उकळी आणावी. त्यात पाचसहा तिरफळे काळी बी काढून, नुसती ठेचून टाकावीत. ती वाटू नयेत. वाटल्यास कडवटपणा उतरतो. मग मासे सोडून मंद आचेवर सातआठ मिनिटे शिजवावे. कालथा घालून ढवळू नये, भांडे फडक्याने धरून हलवावे, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. खाली उतरवताना चमचाभर खोबरेल वरून सोडावे. खोबरे नाही, कांदा नाही, परतणे नाही. तिरफळ न मिळाल्यास त्यावाचूनही चालते, पण ज्याने एकदा तो वास घेतला तो ते शोधत फिरतो.

कोळी घरांतील बोंबलाचे कालवण याहूनही झटपट होते. थोड्या तेलात ठेचलेला लसूण व हिरवी मिरची, हळद, घरातील मसाला, चिंचेचा कोळ, मीठ. उकळी आली की ओले बोंबील आणि मूठभर कोथिंबीर. बोंबलात पाणी फार असल्याने पाच मिनिटांत तो शिजतो. त्याहून अधिक वेळ ठेवला तर कालवणात बोंबील शोधावा लागेल.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी आपल्या नशिबी हे नाही असे मानू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील जुने मालगुजारी तलाव, तसेच राज्यभरच्या जलाशयांतून येणारे रोहू, कटला व मृगळ हे मासे याच रीतीने शिजवता येतात. गोड्या पाण्याच्या माशाला मातीचा वास येतो असे वाटल्यास तुकड्यांना मीठ, हळद व लिंबू लावून पंधरा मिनिटे ठेवावे आणि धुवावे.

एक पातेले, दोन रस्से

कोंबडीची गोष्ट थोडी निराळी. पूर्वी कोंबडी कापली जाई ती पाहुणा आला, नवस फेडावयाचा झाला किंवा घरात कोणी आजारी पडले तर. पुण्यात १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली आणि पुढील काळात ब्रॉयलरचा व्यवसाय खेडोपाडी पसरला, तेव्हा कोंबडी रोजच्या बाजारातील वस्तू बनली. स्वयंपाकाची रीत मात्र गावरान कोंबडीचीच राहिली. गावरान मांस चिवट, त्याला कुकर व वेळ हवा. ब्रॉयलरला वीसपंचवीस मिनिटे झाकण ठेवून शिजवणे पुरते. तासभर उकळल्यास त्याचा चोथा होतो.

सोलापूर-कोल्हापूरकडे अळणी काढण्याची चाल आहे. एका किलोस दोन चमचे तेल, एक चिरलेला कांदा, आले-लसणाचे वाटण, हळद आणि मीठ यांवर तुकडे परतावेत. त्यांना सुटलेले पाणी आटत आले की गरम पाणी घालून शिजवावे. मीठ घातलेल्या या रश्शाला अळणी का म्हणावे हे परक्याला उमगत नाही. मसाला नसलेला म्हणून तो अळणी. लहान मुले, वृद्ध आणि बाळंतीण यांच्यासाठी तो आधी, मऊ तुकड्यांसह, वेगळा काढावा. उरलेल्यात भाजलेला कांदा व सुके खोबरे यांचे वाटण आणि कांदा-लसूण मसाला घातला की मोठ्यांसाठी तिखट रस्सा तयार. एकाच चुलीवर, एकाच पातेल्यात, दोन जेवणे होतात.

याच वेळी गृहिणीचा वाटाही वाटीत काढून झाकून ठेवावा, अशी या लेखकाची आग्रहाची सूचना आहे. शेवटी उरेल ते तिचे, ही रीत पदार्थ कितीही पौष्टिक केला तरी त्याचा उपयोग नाहीसा करते. कोंबडीची कलेजी लोह व जीवनसत्त्व ‘अ’ यांनी समृद्ध असते, आणि मांसापेक्षा बहुधा स्वस्त मिळते. कांद्यावर परतून, वर लिंबू पिळून ती दहा मिनिटांत होते. रक्तक्षय असलेल्या स्त्रीला ती अधूनमधून मिळावी. (गरोदरपणात मात्र कलेजीतील अतिरिक्त ‘अ’ जीवनसत्त्वामुळे डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून ती वारंवार खाऊ नये.)

स्वच्छतेविषयी एक रूढ समजूत बदलावी लागेल. कच्ची कोंबडी नळाच्या जोरदार धारेखाली धुतली असता तिच्यावरील जंतू शिंतोड्यांवाटे ओट्यावर, भांड्यांवर, शेजारच्या कोथिंबिरीवर पोचतात. धुवावयाचीच असेल तर पातेल्यात, हलक्या हाताने धुवावी आणि नंतर ओटा, विळी व हात साबणाने स्वच्छ करावेत. जंतू मरतात ते शिजवण्याने, धुण्याने नव्हे. हाडाजवळचे मांस गुलाबी न राहता रस स्वच्छ निघाला पाहिजे. शिजलेले अन्न उन्हाळ्यात दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये. उरलेले परत खाताना चांगले उकळावे.

पावसाळ्यातील सुकी मासळी

अलीकडच्या वर्षांत आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. हा अनेक माशांच्या प्रजोत्पादनाचा काळ होय. या दोन महिन्यांसाठी कोकणातील घरे मे महिन्यातच सुके बोंबील, जवळा, सोडे आणि खारा बांगडा डब्यांत भरून ठेवतात. वाळवल्याने पाणी निघून जाते, त्यामुळे वजनाच्या मानाने सुक्या मासळीतील प्रथिने ताज्या माशाच्या कितीतरी पट भरतात. घाटावरच्या आठवडे बाजारांतही ती मिळते, आणि शेतमजुराच्या घरी पावसाळ्यात भाकरीबरोबर जवळ्याची चटणी असते.

खरेदी करताना मासळी वाळूवर वाळवलेली आहे की काठ्यांवर किंवा जाळीवर, हे विचारावे. वाळूवरची कितीही धुतली तरी दाताखाली कचकचते. बोट लावल्यास ओलसर लागणारी, लालसर डाग किंवा बुरशी दिसणारी मासळी घेऊ नये. खाऱ्या बांगड्यात मीठ फार. रक्तदाब असलेल्यांनी तो टाळावा, इतरांनी पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून वापरावा.

जवळा करण्यासाठी दोन मुठी जवळा निवडून, कोरड्या तव्यावर मंद भाजून, मग दोनतीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्यावा. चमचाभर तेलात दोन कांदे बारीक चिरून परतावेत. त्यांवर लसूण, हळद, तिखट, दोन आमसुले आणि जवळा घालून, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे. सातआठ मिनिटांत तो तांदळाच्या गरम भाकरीबरोबर वाढता येतो. मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे, कारण जवळ्यात ते आधीच असते.