मेडिकेअरचं घड्याळ रिटायरमेंटवर नाही, ६५व्या वाढदिवसावर चालतं

आपल्या या भागाचं हे लिखित रूप. आज आकडे आणि तारखा बऱ्याच आहेत. गाडीवर किंवा लोकलमध्ये ऐकताना त्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नीट मांडून देतोय.

विषय आहे अमेरिकेतलं मेडिकेअर, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा. तुम्ही म्हणाल, आपण पंचविशी-तिशीतले, आपल्याला याचं काय? पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मामा, काका, आत्या नव्वदच्या दशकात तिकडे गेले आणि आता साठी ओलांडतायत. काहींची मोठी भावंडं तिकडे आहेत आणि त्यांनी आई-बाबांना ग्रीन कार्डवर बोलावून घेतलंय. आणि घरात ऑनलाइन फॉर्म भरायचा झाला की फोन कोणाला येतो? आपल्यालाच.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझं रोजचं काम अमेरिकन आरोग्य विम्याच्या नावनोंदणीच्या सिस्टिमवर चालतं. हे नियम माझ्याकडे रिक्वायरमेंट म्हणून येतात आणि मी त्यांचा कोड लिहितो. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. लोक चुकतात ते फॉर्म भरण्यात नाही, तारखेत. आणि या तारखेची चूक काही वेळा आयुष्यभर दर महिन्याला वसूल होते.

तीन वेगळी वयं

आपल्याकडे रिटायरमेंट म्हणजे एकच तारीख. शाल, श्रीफळ, निरोप समारंभ, आणि तिथून पुढे पेन्शन. अमेरिकेत मात्र तीन वेगळे आकडे आहेत. सोशल सिक्युरिटीची पेन्शन लवकरात लवकर ६२व्या वर्षी, कमी रकमेने, सुरू करता येते. पूर्ण पेन्शनचं वय १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी ६७ आहे. आणि मेडिकेअरचं वय ६५.

म्हणजे आज ६५ वर्षांचे होणारे काका म्हणतील, "अरे, मी अजून दोन वर्षं रिटायर होत नाही, मग बघू." पण मेडिकेअरला ते रिटायर कधी होतात याच्याशी देणंघेणं नाही. त्याचं घड्याळ ६५व्या वाढदिवसाला बांधलेलं आहे.

आपोआप नावनोंदणी होते का? होते, पण फक्त ६५ च्या किमान चार महिने आधीपासून सोशल सिक्युरिटीची पेन्शन घेणाऱ्यांची. त्यांना कार्ड पोस्टाने येतं. बाकीच्यांनी स्वतः अर्ज करायचा.

ए, बी, सी, डी

पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावरचा खर्च. पार्ट बी म्हणजे डॉक्टरची फी, तपासण्या, ओपीडी. पार्ट डी म्हणजे औषधं. पार्ट सी, ज्याला मेडिकेअर ॲडव्हांटेज म्हणतात, त्यात खासगी कंपनी ए आणि बी एकत्र करून देते आणि बहुतेक वेळा डीसुद्धा. सी घ्यायचा असला तरी आधी ए आणि बी लागतातच.

अमेरिकेत साधारण दहा वर्षं टॅक्स भरून नोकरी केली की ४० क्रेडिट होतात. वर्षाला जास्तीत जास्त चार. ४० झाले की पार्ट ए ला हप्ता नाही. स्वतःचे नसतील तर नवरा किंवा बायकोच्या क्रेडिटवरही तो मिळू शकतो, त्यामुळे आयुष्यभर घर सांभाळलेल्या मावशीने "माझं काय?" म्हणून मागे राहायचं कारण नाही. पार्ट बी ला मात्र सगळ्यांना हप्ता आहे. २०२६ साली तो महिन्याला २०२.९० डॉलर आहे आणि उत्पन्न जास्त असेल तर वाढतो. त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचं टॅक्स रिटर्न बघतात.

भारतात भरलेली पीएफची वर्षं यात धरत नाहीत. भारत आणि अमेरिकेत तसा करारच नाही.

सात महिन्यांची खिडकी

पहिली नावनोंदणी सात महिन्यांत करायची असते. वाढदिवसाच्या महिन्याआधीचे तीन, वाढदिवसाचा महिना आणि नंतरचे तीन.

समजा जन्म १४ जून १९६१ चा. खिडकी १ मार्च २०२६ ला उघडते आणि ३० सप्टेंबर २०२६ ला बंद होते. मार्च ते मे मध्ये अर्ज केला तर विमा १ जूनला सुरू. जून किंवा नंतर केला तर अर्जाच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून.

आता खास आपल्या लोकांसाठी. तुमच्या घरात किती जणांचा वाढदिवस कागदोपत्री १ जून आहे? शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहून टाकलेली ती तारीख पुढे पासपोर्टवर आणि ग्रीन कार्डवर गेली. मेडिकेअरमध्ये महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्यातला धरतात. म्हणून १ जून १९६१ वाल्यांची खिडकी १ फेब्रुवारीला उघडते, ३१ ऑगस्टला बंद होते, आणि विमा १ मे पासून मिळू शकतो. जून धरून हिशोब करणारा माणूस सप्टेंबरमध्ये अर्ज करायला जातो तेव्हा खिडकी बंद झालेली असते.

"मी अजून नोकरीत आहे"

इथे दोन प्रश्न विचारा. पहिला, हा विमा कोणाच्या चालू नोकरीतून येतो? दुसरा, त्या कंपनीत माणसं किती?

स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीतून ग्रुप विमा असेल तर पार्ट बी पुढे ढकलता येतो आणि दंड लागत नाही. नोकरी किंवा तो विमा, जे आधी संपेल तिथून आठ महिन्यांची विशेष मुदत मिळते.

पण कंपनीत २० पेक्षा कमी माणसं असतील तर दंड नसला तरी दुसरी अडचण आहे. अशा ठिकाणी बिल आधी मेडिकेअरने भरायचं आणि कंपनीच्या विम्याने नंतर, असा नियम आहे. मेडिकेअर घेतलंच नसेल तर कंपनीचा विमा आपल्या वाट्यापुरतं बघतो आणि मोठा भाग पेशंटच्या अंगावर येऊ शकतो. दहा-बारा जणांच्या फर्ममध्ये काम करणाऱ्या काकांनी ६५ लाच ए आणि बी घेतलेलं बरं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे कोब्रा. नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने काही काळ, साधारण १८ महिने, चालू ठेवता येतो, त्याला कोब्रा म्हणतात. कार्ड तेच, डॉक्टर तेच, त्यामुळे वाटतं सगळं चालू आहे. पण ही चालू नोकरी नव्हे. ६६व्या वर्षी ले-ऑफ झालेला माणूस दीड वर्ष कोब्रावर निवांत राहिला तर त्याचे आठ महिने दरम्यान संपून जातात. रिटायर झालेल्यांना कंपनी देते तो विमा आणि बाजारातून स्वतः घेतलेली पॉलिसी यांनाही हेच लागू.

खिडकी चुकली तर

मग १ जानेवारी ते ३१ मार्च या दरवर्षीच्या मुदतीची वाट बघायची. तोपर्यंत पार्ट बी नाही. वर दंड. उशिराच्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे हप्त्यावर १० टक्के, पार्ट बी आहे तोवर, म्हणजे बहुतेकांना आयुष्यभर.

दोन पूर्ण वर्षं उशीर झाला तर २० टक्के. २०२६ च्या हप्त्यावर महिन्याला साधारण ४० डॉलर, वर्षाला ४८० च्या पुढे. हप्ता वाढेल तसा दंडही वाढतो. औषधांच्या पार्ट डी चा दंड वेगळा. खिडकी संपल्यावर सलग ६३ दिवस किंवा जास्त काळ योग्य दर्जाचा औषध विमा नसेल तर तो लागतो, आणि तोही पुढे चालूच राहतो.

आई-बाबा ग्रीन कार्डवर असतील तर

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आई-बाबांनी तिथे कधीच नोकरी केली नाही, तरी मेडिकेअर मिळतं का? वय ६५, ग्रीन कार्ड आणि अमेरिकेत सलग पाच वर्षं वास्तव्य, या तीन गोष्टी असतील तर विकत घेता येतं. पाच वर्षं ६५ नंतर पूर्ण होत असतील तर त्यांची सात महिन्यांची खिडकी त्या महिन्याच्या भोवती उघडते. ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

मुलाच्या नोकरीची क्रेडिट आई-बाबांना लागत नाहीत. क्रेडिट अजिबात नसतील तर २०२६ साली पार्ट ए चा हप्ता महिन्याला ५६५ डॉलर. पार्ट बी धरून माणशी ७६७.९० डॉलर होतात. ३० ते ३९ क्रेडिट असतील तर पार्ट ए ३११ ला मिळतो. ३५ क्रेडिटवर नोकरी सोडायचा विचार करणाऱ्या मावशीला हा आकडा जरूर दाखवा.

आणि एच-१बी वाल्यांसाठी. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यानंतर, मोजके गट सोडले तर, मेडिकेअरसाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. वर्षानुवर्षं टॅक्स भरून ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांना नुसत्या क्रेडिटवर ते मिळत नाही.

प्रत्यक्ष अर्ज

अर्ज सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवर, एसएसए डॉट जीओव्हीवर करायचा. फोनवर किंवा ऑफिसात जाऊनही होतो. पेन्शन इतक्यात नको असेल तर फक्त मेडिकेअरचा वेगळा अर्ज आहे. दोन्ही एकत्रच घ्यावं लागतं हा गैरसमज आहे.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचा कागद आणि जन्मतारखेचा पुरावा हाताशी ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का बघा. लग्नाआधीचं नाव, वडिलांचं नाव मध्ये, असे आपल्याकडचे घोळ इथे वेळ खातात. आठ महिन्यांच्या मुदतीत पार्ट बी घेत असाल तर सीएमएस-४०बी हा अर्ज, आणि कंपनीकडून विम्याचा दाखला म्हणून सीएमएस-एल५६४ भरून घ्या. हा दाखला नोकरी सोडण्याआधीच मागा. नंतर एचआर फोन उचलेलच असं नाही.

एचएसए खात्यात पैसे टाकणाऱ्यांसाठी एक सूचना. ६५ नंतर अर्ज केला तर पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेपासून, पण ६५ च्या आधी नाही, लागू होतो. तेवढ्या काळात एचएसएत भरलेले पैसे टॅक्सच्या भानगडीत अडकतात. म्हणून अर्जाच्या सहा महिने आधी भरणं थांबवा.

पार्ट बी सुरू झाला की आणखी एक सहा महिन्यांची खिडकी उघडते, मेडिगॅपची. मेडिकेअर भरत नाही तो वाटा उचलणारी ही खासगी पॉलिसी. या सहा महिन्यांत कंपनी शुगर, बीपी, जुनी बायपास काही बघून नकार देऊ शकत नाही. नंतर बहुतेक राज्यांत देऊ शकते.

पुण्यात आल्यावर

डिसेंबरात सुट्टीला आलेल्या काकांना इथल्या हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं तर मेडिकेअर ते बिल भरत नाही. काही मेडिगॅप पॉलिसींमध्ये परदेशातल्या इमर्जन्सीची सोय असते. प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत, आधीचे २५० डॉलर आपले, मग ८० टक्के त्यांचे, आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. ती नसेल तर प्रवास विमा काढून या म्हणावं. आणि "सहा महिने इकडेच आहे, कशाला हप्ता भरू?" म्हणून पार्ट बी बंद केला तर परत घेताना पुन्हा जानेवारी-मार्चची वाट, आणि दंडही लागू शकतो.

मी विमा एजंट नाही, त्यामुळे अवघड केस असेल तर प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्ला सेवा आहे, तिथे विचारायला सांगा. ते काही विकत नाहीत. "मेडिकेअरमधून बोलतोय, कार्ड नंबर सांगा" असा अचानक फोन आला तर ठेवून द्यायचा, हेही सांगा.

तर मंडळी, या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिकडच्या ज्येष्ठांना तीनच गोष्टी विचारा. कागदावरची जन्मतारीख कोणती? आत्ताचा विमा कोणाच्या चालू नोकरीतून आहे? आणि कंपनीत माणसं किती? वय ६३-६४ असेल तर अजून सगळं हातात आहे. उत्तरं आली की वरच्या तारखा लावून बघा, आणि अडलं तर कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात.