बाजार बंद पडला तर? गटप्रमुखांसाठी चार गोष्टी



२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा कितीतरी द्राक्षबागांत माल उभा होता. त्या दिवसांत मोहाडीच्या (ता. दिंडोरी) सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्याच कंपनीने, विलास शिंदे यांच्या पुढाकाराने, ऑनलाइन मागणी घेऊन भाजीपाला, फळे शहरांत घरपोच दिली. ई-नाम तर २०१६ पासूनच होते. एप्रिल २०२० मध्ये त्यावर शेतकरी कंपन्यांना संकलन केंद्रातूनच माल विकण्याची सोय झाली. म्हणजे साधन होते, भरवसा नव्हता.

तो भरवसा अध्यक्षाने द्यायचा. ऑनलाइनचा पहिला सौदा त्याने आपल्याच मालाचा करावा. "पोरांनो, तुम्ही शिका" म्हणून मोकळे होऊ नये. सभासद बघतात ते त्याच्याकडेच. दर खेपेचे वजन, प्रतवारी, भाव आणि तूट त्याच संध्याकाळी सर्वांना दाखवावी. तूट तर आधी सांगावी. कागदी वही सोडू नये. मोबाइलची बॅटरी सांगून उतरत नाही.

आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा: यूपीआयने पैसे घेताना पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा व्यापारी नव्हे, भामटा. फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.