भिंतीवरची ओल आणि पावसाळ्यातला खोकला

ऑगस्टमध्ये आमच्या सरकारी रुग्णालयात खोकल्याच्या रुग्णांची रांग लांबते. काही वर्षांपूर्वी त्या रांगेत कोपरखैरण्याची एक महिला होती. दमा जुना, पण दर पावसाळ्यात बळावणारा. दोन पावसाळे मी तिच्या पंपाचा डोस वाढवला आणि दिवाळीनंतर कमी केला. तिसऱ्या वर्षी ती सहज म्हणाली, ‘‘डॉक्टर, गावी गेले की आठ दिवसांत मोकळं वाटतं. इथं आले की पुन्हा सुरू.’’ गाव कोकणातलेच, पाऊस तिथेही भरपूर. तेव्हा कुठे मी विचारले, ‘‘ताई, घरात ओल आहे का?’’ तिचा पलंग ज्या भिंतीला लागून होता, तिच्यामागे शेजाऱ्यांचे बाथरूम होते. भिंत काळी पडली होती आणि दरवर्षी गणपतीआधी तिच्यावर रंग चढत होता. हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना फक्त पाणी हवे असते. भिंत, लाकूड, पुठ्ठा किंवा गादी एक-दोन दिवस ओली राहिली तरी ते रुजू लागतात. रंगातील घटक, कागद, साचलेली धूळ हे त्यांचे खाद्य. ‘अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस’ या बुरशीचा बीजाणू जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट लहान असतो. त्यामुळे तो नाकात न अडकता थेट फुप्फुसात पोहोचू शकतो.

नवी मुंबईत एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. सिडकोची स्थापना १९७० सालची. शहरातील अनेक जुन्या इमारतींनी आता तिशी-चाळिशी ओलांडली आहे. गच्चीतून झिरपणारे पाणी, बाहेरच्या भिंतींच्या भेगा, वरच्या मजल्यावरचे गळके पाइप आणि घरातच वाळत घातलेले कपडे, असे सगळे एकत्र आले की बुरशीला आणखी काय हवे?

निरोगी माणसाला बहुधा शिंका, नाक चोंदणे, डोळ्यांना खाज एवढाच त्रास होतो. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना मात्र तो महागात पडू शकतो. ओलसर घरांत श्वसनाच्या तक्रारी आणि दमा यांचे प्रमाण अधिक असते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच नमूद केले. ब्रिटनमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा दगावला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे त्याचे कारण असल्याचे २०२२ मधील चौकशीत स्पष्ट झाले. त्यानंतर तिथे घरमालक संस्थांसाठी कायदाच करावा लागला.

करोनाकाळातील ‘काळी बुरशी’ मात्र वेगळी. म्युकरमायकोसिसमध्ये काळा रंग मृत झालेल्या पेशींचा असतो. भिंतीवरच्या काळ्या डागामुळे तो आजार होतो, असे समजून घाबरू नये.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत अ‍ॅस्परजिलसची तीव्र अ‍ॅलर्जी निर्माण होते. तिला एबीपीए म्हणतात. खोकल्यातून तपकिरी, घट्ट गुठळ्या पडतात, ताप येतो, एक्स-रेवर डाग दिसतात. हे चित्र क्षयासारखेच दिसते आणि काही रुग्णांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जातात. म्हणून क्षयासाठी थुंकीची तपासणी आधी कराच; ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. ती निर्दोष आली, रुग्ण दमेकरी असेल आणि डाग येत-जात असतील, तर रक्तातील आयजीई आणि अ‍ॅस्परजिलसची तपासणी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. या आजारावर औषधे आहेत. उशीर झाला तर श्वासनलिका कायमच्या रुंदावतात.

घरात काय करावे? सर्वांत आधी पाणी कुठून येते ते शोधा. गळती बंद न करता दिलेला रंग किंवा पुट्टी पुढच्या जुलैपर्यंतच टिकते. लहान डाग साबणाच्या पाण्याने, मास्क आणि हातमोजे घालून पुसा. कोरडा ब्रश मारू नका, बीजाणू घरभर उडतात. ब्लीच आणि टॉयलेटचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. प्लॅस्टर भुसभुशीत झाले असेल तर ते खरवडून काढावे लागते. दमेकऱ्याने हे काम स्वतः करू नये. कपाट आणि पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, स्वयंपाकघर आणि बाथरूममध्ये एक्झॉस्ट पंखा लावा. भिजलेली गादी वाळत नसेल तर टाकून द्या.

त्या महिलेच्या शेजाऱ्यांनी पाइप बदलला, भिंत खरवडून नव्याने केली, पलंग हलला. तिचा दमा गेला नाही. पण पुढच्या पावसाळ्यात पंपाचा डोस वाढवावा लागला नाही. दवाखान्यात खोकला सांगताना घरातली ओलही सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी सांगा.