फुटबॉल : मुलांनी डोक्याने चेंडू मारावा का?

फुटबॉलमध्ये खेळाडू मुद्दाम डोक्याने चेंडू मारतो. शाळकरी मुलांनी याचा सराव करावा का, हे ठरवण्यासाठी आधी थोडे गणित करू.

मोठ्यांच्या सामन्यातील चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. समजा, ०.४३ किलोग्रॅमचा चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने आला व डोक्यावर आपटून ५ मीटर वेगाने उलट गेला. वेगातील बदल १५ झाला, म्हणून संवेगातील बदल सुमारे ६.४५. चेंडू डोक्याला ०.०१५ सेकंद टेकला असे धरल्यास सरासरी बल ४३० न्यूटन येते. हे जवळजवळ ४४ किलोग्रॅम वजनाइतके झाले!

हा धक्का मान पेलते. मानेचे स्नायू ताठ असले, की डोके व धड एकत्र धक्का घेतात आणि डोक्याचे त्वरण कमी होते. दहा वर्षांच्या मुलाचे डोके जवळजवळ मोठ्या माणसाएवढे असते. मान मात्र बारीक व अशक्त असते. साहजिकच डोके हिसक्याने मागे जाते. कवटीतील मऊ मेंदू मागे रेंगाळतो, पिळला जातो आणि त्यातील चेतातंतू ताणले जातात.

एका फटक्याने बहुधा काही होत नाही. प्रश्न वर्षानुवर्षांच्या फटक्यांचा आहे. इंग्लंडचे खेळाडू जेफ ॲसल २००२ साली ५९व्या वर्षी वारले. मृत्यूच्या चौकशीत त्याचे कारण 'व्यवसायजन्य आजार' असे नोंदवले गेले. २०१९ साली ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीनपट आढळले. पुढे २०२१ साली असेही दिसले, की या आजारांचा धोका बचावपटूंना सर्वाधिक, तर क्वचितच डोक्याने चेंडू मारणाऱ्या गोलरक्षकांना इतर लोकांएवढाच होता. हा संबंध म्हणजे सिद्धता नव्हे. शिवाय शाळेतले खेळणे म्हणजे व्यावसायिक कारकीर्दही नव्हे. तरीही अमेरिकेने २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारण्यास मनाई जाहीर केली. २०२० साली इंग्लंड व स्कॉटलंडने प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून तो वगळला.

फुटबॉल बंद करावा, असे आम्ही म्हणत नाही. लहान मुलांना पायाने खेळण्याचे कौशल्य आधी शिकवावे. डोक्याचा सराव पुढे, हलक्या चेंडूने व मोजकाच घ्यावा. उंच चेंडूसाठी झेपावताना दोन डोकी आपटतात, तेही टाळावे. डोक्याला मार लागून कुणाला गरगरले, मळमळले किंवा आठवेनासे झाले, तर त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.