घाट मागे सरतो आहे
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

खोपोलीच्या शिळफाट्यावर उतरलात, की पूर्वेकडे मान वर करून पाहा. समोर खंडाळ्याचा घाट उभा असतो. आपण त्याला डोंगर म्हणतो. डोंगर म्हटला, की एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. इथे मात्र चढून गेल्यावर उतरायचं फारसं काही राहतच नाही. लोणावळ्यापासून जमीन हळूहळू पूर्वेकडे कलत जाते. सह्याद्री कोकणातून डोंगर दिसतो. देशावरून पाहिलं, तर तो पठाराचा तुटका काठ आहे.

पावसाळ्यात या कड्यावरचे धबधबे पाहा. ते एका दमात खाली येत नाहीत, पायरीपायरीने उड्या घेत येतात. यातली प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हारसाचा थर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी उकलली आणि तिच्यातून पातळ लाव्हा पसरत गेला. चित्रातल्यासारखा शंकूचा ज्वालामुखी डोळ्यांसमोर आणू नका. एक थर पसरायचा, निवायचा, मग पुन्हा दुसरा. काही थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला, खालचा थर कुजून त्याची माती झाली आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजून निघाली, असा त्याचा अर्थ. या खडकाला शास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेतल्या पायरी या शब्दावरून ते नाव आलं. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा कातळ पसरलेला आहे आणि कळसूबाईचं १६४६ मीटर उंचीचं शिखरही त्याचंच आहे.

मग काठ कसा तयार झाला? हे उद्रेक ओसरण्याच्या सुमारास सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून तुटून दूर गेला. पश्चिमेची बाजू खचली, तिथे समुद्र आला. पनवेलच्या आसपास हेच थर पश्चिमेकडे झुकलेले सापडतात. घाटात मात्र ते जवळजवळ आडवे आहेत. पठाराचा काठ सुरुवातीला आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला होता, असं मानलं जातं. पश्चिमेच्या नद्यांना थोड्या अंतरात मोठी उंची उतरायची असते, वर पावसाचा मारा. त्या काठ कुरतडत पूर्वेकडे सरकल्या. राजमाचीच्या परिसरातून निघालेली उल्हास नदी कर्जतच्या खोऱ्यात हेच काम करते आहे. माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड ही मागे सरलेल्या पठाराची मागे राहिलेली बेटं. माथेरानचा सपाट माथा आणि राजमाची, दोन्ही समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास आहेत. मधलं सगळं वाहून गेलं.

गंमत अशी, की लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी कड्यापासून थोड्याच अंतरावर जन्मते. पण पाठ फिरवून भीमा, कृष्णा असं करत थेट बंगालच्या उपसागराला जाते. १९१५ मध्ये टाटांनी लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी नळांतून खाली खोपोलीला सोडून वीज केली, तेव्हा पूर्वेला जायचं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं. नद्या जे कोट्यवधी वर्षांत करू पाहत होत्या, ते आपण काही वर्षांत उरकलं!

कड्याचं हे मागे सरणं रोज थोडं थोडं होतं, असं मात्र समजू नका. कर्जतजवळची कोंडाण्याची लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची. कातळावरचं कोरीवकाम अजून ओळखता येतं. शतकानुशतकं काही हलत नाही आणि मग एका रात्रीत सगळा उतार खाली येतो.

१९ जुलै २०२३ची रात्र अशीच होती. खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावर ठाकरांची इर्शाळवाडी होती. तीन दिवसांत सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस पडला आणि दरड आली. २२८ लोकवस्तीच्या वाडीतल्या २७ जणांचे मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. पूर्वी तिथे दरड कोसळल्याची नोंद नाही, असं तेव्हा सांगण्यात आलं. मला हे उत्तर अपुरं वाटतं. आपल्या नोंदी फार तर शे-दोनशे वर्षांच्या आणि डोंगराचा हिशेब लाखांचा. माणसाच्या आठवणीत दरड नाही, म्हणजे उतार पक्का, असं होत नाही.

पण अशा जागी लोक राहतात तरी का? त्याचं उत्तरही त्या पायऱ्यांतच आहे. भेगाळलेल्या, सच्छिद्र थरातून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि पायरीच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. तिथेच थोडी सपाटी असते, नाचणी-वरीपुरती माती असते. डोंगरात वाडी वसायला आणखी काय हवं? ती माती बहुतेक वेळा वरून घसरून आलेल्या जुन्या डबराचीच असते. अतिवृष्टीत तेच पाणी घट्ट थरावर साचतं, वरची माती फुगते, जड होते आणि तिची पकड सुटते. झरा आणि दरड एकाच जागेवरून निघतात. आंबेगाव तालुक्यातलं माळीण (२०१४), महाडचं तळिये (२०२१) ही नावं आपल्याला पाठ झाली. उतारावरच्या मातीची आणि पाण्याची ही गोष्ट मात्र झाली नाही.

काही खुणा आधी दिसू शकतात. घरामागच्या जमिनीला आडवी, कमानीसारखी भेग पडते. झाडं, विजेचे खांब कलतात. कालपर्यंत नीट लागणारं दार अडकायला लागतं. नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होतो किंवा भर पावसात आटतो. असं दिसलं, तर पाऊस थांबायची वाट न पाहता उतारावरून बाजूला व्हायचं, तेही ओढ्याच्या वाटेने नव्हे. आणि पाऊस उघडला म्हणून त्याच रात्री परत यायचं नाही. मुरलेलं पाणी खाली उतरायला वेळ घेतं.