हर्ट्झचा दाब, सोलापूरचं बीड

इंदापूर तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय : जुन्या पेट्रोल गाडीच्या इंजिनातून टकटक येते, मेस्त्री म्हणतो कॅमशाफ्ट गेलाय. पान्यांचा सेट घरात आहे, मोबाइलवर व्हिडिओ पाहून झालेत. अंगणातच बदलला तर जमेल का?

जमेल. हल्लीच्या गाड्यांत कॅमशाफ्ट इंजिनच्या डोक्यावरच असतो. वरचं टॅपेट कव्हर काढलं की समोर दिसतो, इंजिन उतरवावं लागत नाही. पद्मिनी गाडीच्या काळी एवढं सोपं नव्हतं. तिचा कॅम ब्लॉकच्या पोटात असे आणि लांब पुशरॉडमधून वरचे व्हॉल्व हलवी. तो काढायचा तर आधी इंजिनच्या पुढचा सगळा पसारा उतरवा. (ती पद्मिनी काढणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली उभी केली वालचंद हिराचंद यांनी, म्हणजे या वाचकाच्याच तालुक्यातल्या वालचंदनगरच्या वालचंदांनी. पण तो विषय काढला तर लेख तिकडेच जाईल.)

आधी एक शंका. टकटक म्हणजे कॅम गेला असंच नाही. बरेचदा टॅपेटची फट वाढलेली असते आणि ती सेट केली की आवाज थांबतो. म्हणून कव्हर काढल्यावर पहिल्यांदा फीलर गेज घाला. मग मायक्रोमीटरने कॅमच्या प्रत्येक उंचवट्याची उंची मोजा. इनटेकचे सगळे उंचवटे एकमेकांशी जुळायला हवेत, एक्झॉस्टचे एकमेकांशी. एखादा बाकीच्यांपेक्षा ठळकपणे बुटका निघाला, तर मेस्त्री खरं बोलतोय.

आता खरी गोम. कॅमशाफ्ट बदलताना पान्याचं काम थोडं आणि वेळेचं जास्त. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा. क्रँक मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. कॅमच्या चाकाला समजा 40 दात आहेत. टायमिंग बेल्ट एक दात चुकला की कॅम 9 अंशांनी सरकला, क्रँकच्या हिशोबात 18 अंशांनी. एका दातात गाडी नुसती मरगळते. तीन-चार दात चुकले तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व अजून खालीच असतो, आणि दोघांची टक्कर होते. म्हणून बेल्ट काढण्याआधी खुणा जुळवायच्या, आणि सगळं बसवल्यावर स्टार्टर न मारता क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा. कुठे अडकला तर जोर न लावता थांबायचं.

कॅमवरच्या टोप्या, म्हणजे कॅप, हेडवर बसवूनच एका रेषेत बोअर केलेल्या असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालत नाही. त्यांचे बोल्टही कंपनीने दिलेल्या क्रमानेच, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण फेरा असे सैल करायचे. खालून व्हॉल्वच्या स्प्रिंगा रेटत असतात. एका टोकाचे बोल्ट घाईने सोडले, तर शाफ्ट तिरका उचलला जातो आणि मोडतो. तो बिडाचा आहे. वाकणं त्याच्या स्वभावात नाही.

मग एवढं ठिसूळ बीड वापरतात कशाला? इथे मला हाइनरिख हर्ट्झ आठवतो. मेगाहर्ट्झमुळे याचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण रेडिओलहरींच्या कितीतरी आधी, बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झचा सहायक असताना, 1880च्या नाताळच्या सुट्टीत या तेवीस वर्षांच्या पोराने वेगळंच गणित सोडवलं. काचेची भिंगं एकमेकांवर ठेवून दाबली की त्यांच्यामधली प्रकाशाची वर्तुळं बदलतात. म्हणजे काच जरा चपटी होत असणार. किती? दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले तर ते प्रत्यक्षात किती जागेत टेकतात आणि तिथे दाब किती येतो, याची सूत्रं त्याने मांडली आणि 1881च्या जानेवारीत तिथल्या भौतिकशास्त्र मंडळापुढे वाचली. आज बॉल बेअरिंग, रेल्वेचं चाक आणि कॅम या तिन्हींचे हिशोब त्याच सूत्रांवर चालतात. छत्तिसाव्या वर्षी गेलेल्या या माणसाला आपण फक्त रेडिओच्या खात्यात टाकलंय, हे मला पटत नाही.

त्याच्या सूत्रात साध्या गाडीचे आकडे घाला. उंचवटा आणि टॅपेट टेकतात ती पट्टी पाव मिलिमीटरपेक्षाही अरुंद निघते, आणि तिथला दाब चौरस सेंटीमीटरला चार-पाच हजार किलो. टायरमध्ये आपण तीसची हवा भरतो, ती याच मापात जेमतेम दोन किलो.

एवढा दाब घासत सोसायचा तर उंचवट्याची कातडी कडक हवी, आणि शाफ्टचं पोट मात्र मशीनवर कापता येईल इतकं मऊ हवं. दोन्ही एकाच ओतकामात. आपल्या ऊसपट्ट्यात हे समजावणं सोपं आहे : साखरेचा पाक दोऱ्यावर सावकाश निवला तर खडीसाखर, थंड ताटात ओतला तर कडक गोळी. बीड सावकाश निवलं की त्यातला कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत वेगळा होतो आणि करडं, मऊ बीड मिळतं. झटकन निवलं तर कार्बनला वेगळं व्हायला सवड मिळत नाही. तो लोखंडाशीच जोडलेला राहतो, पांढरं आणि अतिशय कडक बीड तयार होतं. (अणूंच्या पातळीवर साखरेचं प्रकरण निराळं, तेव्हा उपमा इथेच सोडू.) म्हणून वाळूच्या साच्यात नेमकं उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे बसवतात, ते तिथली उष्णता ओढून घेतात. यालाच चिल्ड कास्टिंग म्हणतात.

आणि हे करणारी जगातली एक मोठी कंपनी इंदापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, सोलापुरात आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, स्थापना 1992. चादरीच्या गावाचे कॅम परदेशी गाड्यांत फिरतात, याचा गाजावाजा फारसा होत नाही.

गाजावाजा होतो तो ‘पिकअप वाढवणाऱ्या’ कॅमचा. तसला कॅम व्हॉल्व जास्त वेळ उघडा ठेवतो. इंजिन खूप वेगाने फिरताना त्याचा फायदा होतो, पण खालच्या फेऱ्यांवर ताकद उलट घटते. गळिताच्या हंगामात भवानीनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे तिसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्याने त्यावर पैसे का घालवावेत? कंपनीचाच घ्या. बारामतीत पियाजिओ आता विजेची अ‍ॅपेही बनवते, तिच्यात कॅमच नाही; त्या गाडीवाल्यांना हा लेख वाचायची गरज नाही.

बाकीच्यांसाठी शेवटचं काम. सपाट टॅपेट घासत चालणारं जुन्या धाटणीचं इंजिन असेल, तर नव्या कॅमबरोबर टॅपेटही नवीच घाला, उंचवट्यांना असेंब्लीचं ग्रीस चोपडा, आणि सुरू केल्यावर गाडी निवांत आयडलवर सोडू नका. वीसेक मिनिटं 2000च्या आसपास फेऱ्यांवर चालवा. ऐकायला उलटं वाटतं, पण संथ फिरताना उंचवट्याच्या टोकावर स्प्रिंगचा सगळा भार येतो आणि ऑइलचा थरही पातळ असतो. वेग वाढला की व्हॉल्वचं जडत्व त्यातला काही भार हलका करतं. रोलर असलेल्या इंजिनांना ही कसरत लागत नाही. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि जुना फिल्टर टाकण्याआधी कापून आतला कागद उन्हात धरा. किंचित करडी झाक असली तर चालेल. चमचमणारा कीस दिसला तर गाडी पुन्हा सुरू करू नका, मेस्त्रीलाच अंगणात बोलवा.