‘मर’ शब्दाची विभक्ती

हुबळीच्या गोकुळ रोडवर कन्नड भाषिक झाडाला ‘मर’ म्हणतात. तमिळ ‘मरम्’, तेलुगू ‘म्रानु’ यांच्याशी तुलना करून भाषाशास्त्रज्ञांनी मूळ द्राविडी *मरन् हे रूप कल्पिले आहे. लेखी पुरावा नाही, म्हणून आधी तारका. ‘झाडात’ला कन्नडात ‘मरदल्लि’, तमिळमध्ये ‘मरत्तिल्’. प्रत्ययापूर्वी येणारे ‘द’ व ‘त्त’ सजातीय होत.

मराठीतही ‘झाड’ला थेट ‘त’ लागत नाही. आधी ‘झाडा’ हे सामान्यरूप होते. अशा रूपांचा उगम मात्र निराळा : संस्कृत ‘देवस्य’, प्राकृत ‘देवस्स’, मराठी ‘देवा’. कुळे दोन, पण घडण सारखी. एवढे ध्यानी धरल्यास मराठी विद्यार्थ्याला ‘मरदल्लि’ घोकावे लागणार नाही. ते आपोआप उमगेल.